मानेत स्क्रू घातला की माणूस लाकूड होतो म्हणे!

गावाकडच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मजकूर फिरत आला. थोडक्यात तो असा: मानेच्या वरच्या दोन मणक्यांत स्क्रू घालून घेऊ नका. मान कायमची लाकूड होते, बहुतेकांचे हातपाय जातात, स्क्रू आत गंजतो, पुन्हा एमआरआय करता येत नाही. परदेशी कंपन्यांनी माल खपवायला काढलेलं हे खूळ आहे. त्यापेक्षा सहा महिने पट्टा लावा आणि जाणकाराकडून मान ‘बसवून’ घ्या. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. मी फिजिओथेरपिस्ट. मणक्याच्या वॉर्डात बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी हे ऑपरेशन कशाचं असतं ते बघू. घरी जातं पाहिलेल्यांना हे पटकन कळेल. खालच्या तळीत खुंटा आणि त्याभोवती फिरणारी वरची तळी. मानेचा दुसरा मणका म्हणजे खुंट्याची तळी, पहिला मणका म्हणजे त्याभोवती फिरणारं कडं. खुंटा जागचा हलू नये म्हणून त्याच्या मागून एक चिवट अस्थिबंध आडवा बांधलेला असतो, आणि त्या बंधाच्या लगेच मागे मज्जारज्जू. अपघातात हा बंध तुटतो किंवा खुंटाच मोडतो, आमवातात बंध झिजतो, क्षयरोग तिथलं हाड पोखरतो, काहींची रचनाच जन्मतः सदोष असते. मग मान वाकवली की कडं पुढे सरकतं आणि मज्जारज्जू खुंट्यावर चेपला जातो. खुंटा आणि कड्याची पुढची कमान यांत मोठ्या माणसात साधारण 3 मिलिमीटरपर्यंत फट चालते, मुलांमध्ये 5 पर्यंत. त्यापुढे गेली की संशय घ्यायचा.

आता ‘मान लाकूड होते’ हा मुद्दा. यात तथ्य आहे, पण निम्मंच. मान डावी-उजवीकडे वळते त्यातलं जवळजवळ अर्धं वळण याच दोन मणक्यांमध्ये होतं. ते स्क्रूने जखडले की तेवढं वळण जातं, आणि हे ऑपरेशनच्या आधी रुग्णाला स्पष्ट सांगायलाच हवं. कवटी आणि पहिला मणका यांच्यातला सांधा मोकळाच राहतो, खालचे मणकेही हलतात. म्हणजे होकाराची मान शाबूत, नकाराची निम्मी. (जखडण कवटीपर्यंत न्यावी लागली तर होकारही आखडतो, पण ते वेगळं आणि मोठं ऑपरेशन.) माझ्याकडे येणारे लोक स्कूटरला दोन्ही आरसे लावून घेतात, रस्ता ओलांडताना खांद्यासकट वळायला शिकतात. शिवाय ज्यांचा सांधा ढिला आहे त्यांची मान ऑपरेशनआधी तरी कुठे मोकळी असते? स्नायू घाबरून आखडलेले असतात, झोपेत कूस बदलली तरी कळ येते.

‘हातपाय जातात’ या वाक्यात कारण आणि परिणामाची अदलाबदल झाली आहे. हातपाय जाऊ नयेत म्हणून तर हे ऑपरेशन करायचं. वॉर्डात नवा रुग्ण आला की मी दोन गोष्टी विचारते: शर्टाची बटणं लावता येतात का, आणि चप्पल पायातून कधी निसटली ते कळतं का. कितीतरी जण दुसऱ्या प्रश्नाला हसतात आणि मग सांगतात, की हो, परवा घरी पोचल्यावर कळलं, एकच चप्पल होती. मान खाली घातली की पाठीतून विजेचा झटका उतरतो, असंही काहीजण सांगतात. म्हणजे मज्जारज्जू दाबला जातोय. या टप्प्यावर वर्षभर टाळाटाळ केली आणि मग ऑपरेशन झालं, तर गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. आणि गावात बोललं जातं, ‘स्क्रू घातला आणि लुळा पडला’.

धोका मात्र आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. मेंदूला रक्त नेणारी कशेरुक धमनी याच मणक्यांतून वळसे घेत वर जाते, आणि काहींमध्ये नेमकी स्क्रूच्या वाटेत येते. म्हणून आधी सीटी अँजिओग्राफी करून प्रत्येकाची धमनी कुठल्या वाटेने जाते ते तपासतात. वाट अडचणीची असेल तर स्क्रू आखूड घेतात किंवा मणक्याच्या मागच्या कमानीत घालतात. काही पद्धतींत एक मज्जातंतू कापावा लागतो, त्यामुळे डोक्याचा मागचा भाग बधिर राहतो. केस विंचरताना ते जाणवत राहतं.

गंज आणि एमआरआय: स्क्रू सहसा टायटॅनियमचा असतो. गंजत नाही, चुंबकाला चिकटत नाही. एमआरआय होतो, फक्त स्क्रूच्या आसपासचं चित्र बिघडतं. मशीनवाल्याला आधी सांगायचं, एवढंच.

‘परदेशी खूळ’ वाचून मात्र हसूच आलं. पूर्वी हे दोन मणके तारेने बांधत. कॅनडातल्या गॅली यांची ती पद्धत 1939 सालची. तार मज्जारज्जूच्या अगदी लगतून ओवावी लागे आणि पकड तरीही कमजोर. पहिल्या मणक्याच्या बाजूच्या भरीव भागात एक स्क्रू, दुसऱ्यात एक, आणि दोघांना जोडणारी पट्टी ही पद्धत परळच्या केईएममध्ये, म्हणजे मुंबई महापालिकेच्या रुग्णालयात, डॉ. अतुल गोएल यांनी रुजवली. गोएल आणि लाहेरी यांचा त्यावरचा लेख 1994 साली छापून आला. जर्मनीतल्या हार्म्स यांनी पट्टीऐवजी दांडी वापरून त्यातच बदल सुचवला, तो 2001 साली. आज जगभर ‘गोएल-हार्म्स’ म्हणतात ती हीच.

पट्ट्याचं म्हणाल तर मऊ पट्टा या सांध्याचं वळण फारसं रोखत नाही, आणि तुटलेला अस्थिबंध पट्ट्याने सांधला जाईल असं धरून चालता येत नाही. खुंट्याचे काही प्रकारचे फ्रॅक्चर मात्र घट्ट कॉलर किंवा हॅलो जॅकेटमध्ये (डोक्याभोवतीचं कडं छातीवरच्या जॅकेटला जोडून मान स्थिर ठेवणारी चौकट) जुळतात. डाउन सिंड्रोम असलेल्या बऱ्याच मुलांच्या एक्स-रेमध्ये ढिलेपणा दिसतो, पण त्रास थोड्यांनाच होतो. फट दिसली की स्क्रू, असं कुठलाही शहाणा सर्जन करत नाही. तेवढ्यापुरता ‘घाई करू नका’ हा सल्ला मला मान्य आहे.

पण ‘मान बसवून घ्या’ हे वाक्य सगळ्यांत घातक. सलूनमध्ये दाढी झाली की न्हावी डोकं चोळून हनुवटी धरतो आणि कडकन मान मोडतो. धडधाकट माणसातही अशा झटक्याने धमनीचं आतलं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. इथे तर खुंट्याला धरणारा बंधच गेलेला. मणका जागेवर ढकलता आला, तरी तो तिथे टिकवून कोण ठेवणार? स्क्रूसुद्धा हाड जुळेपर्यंतच धरून ठेवायला असतो. त्यासाठी सांध्यात हाडाचे तुकडे भरतात आणि जुळायला काही महिने लागतात.

हे सगळं ग्रुपवर टाकल्यावर मजकूर पाठवणाऱ्या दादाचा मला वेगळा मेसेज आला. काकूला वीस वर्षांचा आमवात, हल्ली हातातून वाटी सुटते, आणि रविवारी मान बसवणाऱ्याकडे न्यायचं ठरलंय. सोबत एक्स-रेचा फोटो. एकच, सरळ मानेचा. त्यात फट दिसत नव्हती, आणि म्हणून सगळे निश्चिंत होते. पण कडं सरकतं ते मान वाकवल्यावर. मी लिहिलं, ‘दादा, रविवार रद्द करा. काकूच्या मानेला कोणाला हात लावू देऊ नका, पट्टा लावलेला असेल तर तो काढू नका. उद्याच मणक्याच्या डॉक्टरांना दाखवा आणि वाटीचं आवर्जून सांगा. मान वाकवून एक्स-रे काढायचा की थेट एमआरआय, ते त्यांच्यासमोरच ठरू दे.’