अर्धा खोपा

श्रावणातला रविवार उजाडला की अर्धं बेळगाव चोर्ला नाहीतर आंबोलीच्या रस्त्याला लागतं. धबधब्यापुढं गाड्यांची रांग, भाजलेलं कणीस, चार फोटो, परत. जावं, नको कोण म्हणतंय? पण येळ्ळूर-वडगावच्या शिवारात विहिरीवर वाकलेली एखादी बाभूळ किंवा शिंदी शोधा आणि तिथं अर्धा तास काढा. मला विचाराल तर धबधबा दुसऱ्या नंबरवर जाईल.

मी बोलतोय सुगरणीच्या खोप्याबद्दल. कन्नडमध्ये गीजग. मराठीनं नाव बाईचं ठेवलं, पण विणकाम जवळजवळ सगळं नराचं. पावसाळ्यात त्याचं डोकं पिवळंधमक होतं, त्यामुळं ओळखायला सोपा. आधी त्याला भातात बघा. पातीच्या कडेला तो चोचीनं एक खाच पाडतो, कड धरतो आणि उडतो. उडतानाच पट्टी सोलून निघते. २० ते ६० सेंटिमीटर लांबीची अशी एकेक पट्टी, आणि एका खोप्याला पाचशेपर्यंत फेऱ्या. बांधावरून चालताना पातीच्या कडेची ती खाच आणि सोललेली रेघ सापडते. एकदा ओळखता आली की मग सगळीकडं दिसायला लागते.

झाडावर आधी फांदीला पट्ट्यांची गुंडाळी, मग लोंबता देठ, मग झोक्यासारखं कडं. त्या कड्यात उभा राहून चोच पोचेल तिथवर तो विणत जातो. साधारण आठ दिवसांत उलट्या टोपीएवढं काम होतं आणि तिथं गडी थांबतो! लोक म्हणतात वाऱ्यानं मोडला, पाखरू कंटाळलं. तसं नसतं. आता माद्या बघायला येणार असतात. त्या आल्या की सगळे नर आपापल्या टोपीला लोंबकळून पंख फडफडवत एकच कालवा करतात. मादी आत शिरते, बघते, बहुतेक वेळा निघून जाते. तिला विणकामापेक्षा जागा महत्त्वाची: उंच, काटेरी, बारीक फांदीवरची. (आपल्याकडची स्थळं बघायची पद्धत फार वेगळी नाही.) पसंत पडलं तरच पुढं अंड्यांची खोली आणि खाली लोंबणारी नळी. ते झालं की नर दुसरा खोपा बांधायला मोकळा. अंडी उबवायचं काम एकट्या मादीचं, १४ ते १७ दिवस.

म्हणून पुरा खोपा बघण्यापेक्षा अर्धा बघा. हिरवा असेल तर काम ताजं. वाळून करडा झालेला, खाली नळी नसलेला दिसला तर समजा नापसंत. आतल्या बाजूला चिखलाचे गोळे दिसतील. त्यात काजवे चिकटवून दिवा लावतात ही आजीची गोष्ट. चिखल मात्र खरा. बहुतेक खोपे झाडाच्या पूर्वेकडं असतात, कारण आपला पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. होकायंत्र नसलं तरी चालतंय.

चुकतं कुठं? झाडाखालीच जाऊन उभं राहण्यात. वीसेक मीटर लांब बांधावर बसा, सकाळी सात ते साडेनऊ. आठपट मोठं दाखवणारी, आठ बाय बेचाळीसची दुर्बीण पुरे. मोबाइलचा झूम नुसता पिवळा ठिपका दाखवतो. ड्रोन कृपा करून घरी ठेवा. आणि शेतकऱ्याला विचारून शिरा. दाणा भरताना हीच पाखरं त्याचं नुकसान करतात, त्यामुळं तुमच्या कौतुकाला तो हसेलही. पण पिल्लांना ती किडे-नाकतोडे भरवतात, हेही त्याच्या कानावर घाला.

शिवार लांब पडत असेल तर देवळाच्या पडवीत, पाऊस न लागणाऱ्या भुसभुशीत मातीत, बोटाच्या पेराएवढे नरसाळ्यासारखे खड्डे शोधा. तळाशी मुंगीसिंह या किड्याची अळी मुंग्यांसाठी दबा धरून असते. गवताच्या काडीनं कडेची माती हळूच ढळवा, अळी खालून माती उडवते. जोरात खुपसलंत तर खोल जाते आणि खेळ संपला.

खोपा घरी शोभेला टांगायचा मोह होतोच. झाडावरचा काढू नका, जुन्या खोप्यात मुनिया ही छोटी पाखरं शिरतात. सुगीनंतर खाली पडलेला मिळाला तर कात्रीनं उभा कापा. अंड्यांची खोली आणि नळी यांच्यामध्ये विणलेला एक उंबरठा दिसेल. वाऱ्यात खोपा हेलकावला तरी अंडी घरंगळू नयेत म्हणून तो असतो.