एका दिवसात सगळं

संभाजीनगरात घर असणं ही जन्मभराची बिनपगारी नोकरी आहे. दिवाळीची सुट्टी लागली, लग्नसराई आटोपली, कुणाच्या पोराची दहावी सुटली की फोन वाजतो. "येतोय रे दोन दिवस. वेरूळ-अजिंठा बघायचं राहूनच गेलंय." राहून गेलेलं असतं कारण मागच्या वेळी येतानाही कुणी वार बघितलेला नसतो.

अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. एवढी साधी गोष्ट. मी ती फोनवर सांगतो, व्हॉट्सॲपवर टाकतो, तिकीट काढण्याआधी पुन्हा आठवण करून देतो. पाहुणे रविवारी रात्री उतरतात आणि जेवताना कार्यक्रम जाहीर करतात. "उद्या आधी लांबचं उरकू, अजिंठा. परवा वेरूळ." म्हणजे दोन्ही दिवशी कुलूप. नुसती अदलाबदल केली तरी दोन्ही जमतं, पण पुण्याच्या दाजींना ठरलेलं मोडायला आवडत नाही. त्यांना पटवेपर्यंत रात्रीचे बारा वाजतात. कलेचा आस्वाद तिथून सुरू होतो.

मग निघते यादी. दौलताबादचा किल्ला, खुलताबादचा भद्रा मारुती, घृष्णेश्वराचं दर्शन, वेरूळची लेणी, येताना बीबी का मकबरा, पाणचक्की आणि "वेळ उरला तर" पैठणी. हे सगळं एका दिवसात, जेवणासकट. वेरूळला ३४ लेणी आहेत. एकेकाला पाच मिनिटं दिली तरी पावणेतीन तासांवर जातात, आणि त्यात एकापासून दुसऱ्यापर्यंतची चाल धरलेली नाही. एकटं १६ नंबरचं कैलास लेणं नीट बघायचं तर दोन तास हवेत. दौलताबाद वरपर्यंत चढून उतरायलाही तेवढेच, शिवाय अंधारी वाटेत वटवाघळांचा वास आणि मामींच्या किंकाळ्या. म्हणून मी किल्ला खालून, गाडीच्या काचेतून दाखवतो आणि रस्त्यावरचे पेरू घेऊन देतो. चांद मिनार दिसला, पेरू मिळाले, तक्रार राहत नाही.

वेरूळला माझा नियम चारच लेण्यांचा आहे: १०, ३२, १६ आणि पावसाळ्यात २९. कैलास शेवटी, आणि तेही दुपारी तीननंतर. कारण ही सगळी लेणी डोंगराच्या पश्चिम उतारावर आहेत. सकाळी सूर्य डोंगरामागे असतो आणि आतल्या मूर्ती नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. दुपार कलली की तिरपं ऊन आत शिरतं आणि दगडाला नाक-डोळे फुटतात. पण पाहुण्यांना "ऊन व्हायच्या आत" सगळं आटपायचं असतं. सकाळी नऊला काळोखात फोटो काढायचे आणि घरी येऊन म्हणायचं, "कॅमेरा बरोबर नाहीये रे याचा."

१० नंबरच्या चैत्यगृहाला लोक सुताराची झोपडी म्हणतात. नाव फुकटचं नाही. वर कमानीच्या छताकडे बघितलं की लाकडी वासे दिसतात आणि सगळे वासे दगडाचे आहेत. आधीच्या काळात छताला खरेच लाकडी वासे लावायचे, कार्ल्याच्या चैत्यात ते आजही आहेत. पुढे लाकडाची गरज संपली, पण डोळ्यांची सवय सुटली नाही, म्हणून दगडात वासे कोरत राहिले. हे सांगावं तर तेवढ्यात आमच्या मंडळींना इथे आवाज घुमतो असा शोध लागलेला असतो. मग "ॐ" होतं, पोरांची "ओऽऽ" होते आणि एका काकांचा अभंगही होतो. आतला बुद्ध बिचारा सगळं ऐकून घेतो.

नावांवर तर जाऊच नये. ११ नंबरला दो ताल म्हणतात आणि आहेत तीन मजले. खालचा मजला मातीत गाडलेला होता, तो १८७६ साली उकरून काढला, तोवर नाव पडून गेलं होतं. २९ नंबरला सीतेची न्हाणी म्हणतात, आत सगळं कोरीवकाम शिव-पार्वतीचं. ३२ नंबरच्या इंद्रसभेत इंद्र नाही. हत्तीवर बसलेला तो यक्ष आहे आणि समोर सिंहावर आंब्याच्या झाडाखाली बसलेली अंबिका. ही जैन लेणी शेवटची, उत्तरेच्या टोकाला, कैलासापासून किलोमीटरभराहून लांब. तिथे गेल्यावर दर वेळी मामी हात जोडून म्हणतात, "बुद्धाची मूर्ती काय शांत आहे नाही!" मी एकदाच सांगतो: बुद्धाच्या अंगावर वस्त्राची रेघ असते, बहुतेकदा खांद्यावरून किंवा गळ्यापाशी, बारीक पण असते, तीर्थंकर दिगंबर असतात. ते ऐकून मामी चटकन नजर फिरवतात आणि पुढचं सगळं लेणं छताकडे बघत पार करतात. छतावर रंगांचे अवशेष आहेत, त्यामुळे तेही वाया जात नाही.

आता कैलास. इथे एक गोष्ट मी कुणाचं न ऐकता करतो: आधी दरवाजातून आत न नेता बाजूच्या पायवाटेने डोंगरावर चढवतो. परभणीचे मामा गुडघ्यावर हात ठेवून म्हणतात, "काय ठिवलंय वर? दगडं तं आपल्या रानात बी हायेत." पण वरून बघितल्याशिवाय हे काम कळतच नाही. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, डोंगराच्या माथ्यावरून तीन बाजूंनी खोल चर खणले. खड्डा साधारण ८० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद. मधे उभा ठोकळा राहिला. तो वरून खाली कोरत आले: आधी शिखर, मग मंडपाचं छत, त्यावरचं कमळ आणि चार सिंह, मग भिंती, आणि सगळ्यात शेवटी खालचे हत्ती. पाया शेवटी. त्यामुळे बांबूची परांची लागली नाही, कारागीर ज्या दगडावर उभा राही तोच पुढे उडवायचा. पण छिन्नी चुकली तर जोडायला दुसरा दगड नाही, आणि हत्ती कुठे येणार हे शिखर कोरतानाच डोक्यात पक्कं हवं. आमच्याकडे साधा जिना बांधायचा तर स्लॅब पडल्यावर लक्षात येतं की डोकं आपटतंय.

या ठिकाणी एखादा भाचा मोबाईल पुढे करतो. त्यात एक व्हिडिओ असतो, की हे माणसाचं काम नव्हेच, परग्रहावरून कुणीतरी आलं होतं. त्याला मी भिंतीजवळ नेऊन छिन्नीच्या रेघा दाखवतो, समांतर, बोटाएवढ्या अंतरावर. दुसऱ्या ग्रहावरून इतक्या लांब येणाऱ्यांनी येताना छिन्नी-हातोडा आणला असेल, असं त्यालाही वाटत नाही. दिवसभरात एकच चांगला प्रश्न येतो आणि तो बहुधा मामांचाच असतो: "एवढा राडा टाकला कुठं?" विहीर खणलेला माणूसच असं विचारू शकतो.

खाली उतरल्यावर दक्षिणेच्या अंगाला जायचं. मंडपाच्या खाली, सावलीत, रावण कैलास हलवतोय. बहुतेक लोक त्याच्याकडे पाठ करून सेल्फी घेतात, म्हणून त्यांना धरून वळवावं लागतं. मग क्रमाने बघायचं. खाली रावणाचे वीस हात चहूकडे पसरलेत आणि तो कातळातून इतका सुटा कोरलाय की मागे अंधार दिसतो. वर पार्वती घाबरून शंकराच्या दंडाला बिलगलीय. तिची दासी पाठ फिरवून पळत सुटलीय. शंकर मात्र निवांत, नुसता पायाचा अंगठा दाबतोय. एवढं दाखवलं की आत्या म्हणतात, "पुरुष मेले असेच. घरात एवढा गोंधळ चाललाय आणि हे बसलेत." बाराशे वर्षांत या शिल्पावर यापेक्षा नेमकं कुणी बोललं असेल असं मला वाटत नाही.

इथेच दाजी भिंतीवरच्या पांढुरक्या डागांकडे बोट दाखवून सरकारी कामाला नावं ठेवतात. काही ठिकाणी अलीकडची डागडुजी आहेही. पण बराचसा तो जुना गिलावा आहे. हे सगळं देऊळ एके काळी गिलावा देऊन रंगवलेलं होतं, लोक त्याला रंगमहाल म्हणत. आपल्याला जो काळा दगड भव्य वाटतो, तो करणाऱ्यांनी झाकून टाकला होता. हे दाजींना पटत नाही. काळाच छान दिसतो म्हणतात.

दुसरा दिवस अजिंठ्याचा. अंतर शंभरेक किलोमीटर, म्हणून सहाला निघायचं ठरतं आणि पोहे, आंघोळी, राहिलेला चार्जर धरून साडेआठला निघतो. फर्दापूरपाशी आपली गाडी लावून बस घ्यावी लागते. बसपर्यंत जाताना रंगीत स्फटिकांची दुकानं लागतात. आपल्याच काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत तयार झालेले दगड ते. मामा ते हातात घेऊन भाव विचारतात. रानातल्या दगडांचा तेव्हा विसर पडतो.

अजिंठ्यातला खरा अडथळा अंधाराचा. बाहेर ऊन मी म्हणत असतं. चप्पल काढून १ नंबरमध्ये शिरलं की काहीच दिसत नाही. डोळ्यांना सवय व्हायला निदान पाच-दहा मिनिटं लागतात. पाहुणे दोन मिनिटं थांबतात, "सगळं काळंच पडलंय रे" म्हणतात, मोबाईल काढून त्याच्या उजेडात तोंड घालतात आणि झालेली सवय पुन्हा शून्यावर. म्हणून आत शिरताना मोबाईल खिशात, खांबापाशी उभं राहायचं, भिंतीकडे नजर ठेवून गप्प. हळूहळू पद्मपाणी पुढे येतो, मान कललेली, हातात निळं कमळ. फ्लॅश तर मुळीच नाही. तिथे बंदीच आहे, आणि ती शोभेची नाही, उजेडाने रंग खराब होतात.

हे रंग ओल्या चुन्यावर दिलेले नाहीत. खडबडीत दगडावर आधी माती, भाताचं तूस आणि झाडांचे तंतू कालवून लेप दिला, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि वाळल्यावर डिंकासारख्या चिकट पदार्थात रंग. तांबडी-पिवळी गेरू, हिरवी माती, काजळी. निळा तेवढा लाजवर्दी दगडाचा, अफगाणिस्तानातून आलेला. मातीचा लेप असल्यामुळे पाणी मुरलं, किडे लागले की पोपडाच सुटतो. त्यात १९२०च्या सुमारास निजामाने इटलीहून तज्ज्ञ आणून डागडुजी करवली, त्यांनी लाखेचं व्हार्निश दिलं. पोपडे धरून राहिले, पण व्हार्निश पुढे पिवळं पडलं. त्यामुळे "काळं पडलंय" म्हणणारे दाजी अगदीच चूक नसतात. फक्त ते तसं चौदाशे-पंधराशे वर्षांच्या हिशेबाने म्हणतात.

छत बघायला मी खिशात छोटा आरसा ठेवतो, हातात आडवा धरला की मान न मोडता वरची कमळं, हंस, फळं सगळं दिसतं. आरसा पहिल्याच लेण्यात आत्यांकडे जातो आणि टिकली नीट करून पर्समध्ये जातो.

१० नंबरमध्ये खांबावर जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ही तारीख आणि स्वतःचं नाव कोरलंय. वाघाच्या शिकारीला आला होता. नाव डोक्याच्या वर आहे, कारण तेव्हा लेणं गाळाने भरलेलं होतं आणि तो त्या ढिगावर उभा होता. सगळे मिळून इंग्रजांना शिव्या देतात. आजूबाजूला आपल्या पोरांनी काढलेले बदाम-बाण कुणाला दिसत नाहीत.

परतीच्या रात्री मकबऱ्याची आठवण होते. "ताजमहालची नक्कल ना?" नक्कल म्हणा, पण बघण्यासारखी आहे: खालच्या पट्ट्यापुरता संगमरवर, वर घुमटाच्या बुडापर्यंत दगड आणि त्यावर गुळगुळीत गिलावा, मग घुमट पुन्हा संगमरवरी. संगमरवर कुठे संपतो ती रेघ शोधायला लावली की पोरं अर्धा तास गुंततात. खर्च जुन्या तवारिखेत लिहिलाय: ६,६८,२०३ रुपये आणि ७ आणे. ते सात आणे ऐकून दाजींना औरंगजेबाच्या घरातल्या हिशेबाबद्दल प्रथमच आदर वाटतो.

तेरचं नाव मी अधूनमधून काढून बघतो. धाराशिव जिल्ह्यातलं तेर, सातवाहनांच्या काळात रोमपर्यंत व्यापार करणारं. तिथे हस्तिदंताची एक बाहुली सापडली. तशाच वळणाची दुसरी इटलीत, इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेईत निघाली. "गोरोबाकाकांचं तेर ना? मग दर्शनाला जाऊ कधीतरी," एवढ्यावर विषय मिटतो.

पैठणीच्या दुकानात मात्र घाई नसते. आत्या चष्मा लावतात. पदर उलटा करतात, कारण हातमागाच्या पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि यंत्रमागाच्या पाठीवर सुटे धागे लोंबतात. एकेक बुट्टी नखाने चाचपतात, जर उजेडात धरतात, बाहेर उन्हात जाऊन रंग बघून येतात. पाऊण तासात एक चौरस फूट कापड असं बघून होतं, की अजिंठ्याच्या कारागिरालाही धन्य वाटावं. मग बोट पदरावरच्या मोठ्या कमळावर थांबतं.

"हे काय नक्षी म्हणायची?"

"अजिंठा कमळ," दुकानदार सांगतो.

आत्या माझ्याकडे वळतात. "अरे मग काल आपण अजिंठ्याला गेलो होतो, तेव्हा का नाही दाखवलंस हे?"