तीनशे जीबीचा संसार

आजच्या तमाम मोबाइल फोनांची एका गोष्टीवर अढळ श्रद्धा आहे: वायफाय म्हणजे फुकट. ॲपची नवी आवृत्ती उतरवायची ती वायफाय मिळाल्यावर, फोटोंची प्रत क्लाउडवर चढवायची ती वायफाय मिळाल्यावर, आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर आलेले सुप्रभाताचे व्हिडिओ कोणालाही न विचारता पोटात घ्यायचे तेही वायफाय मिळाल्यावरच. ज्यांच्या घरी फायबरची भरभक्कम जोडणी आहे त्यांना या श्रद्धेचा काही त्रास होत नाही. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाडीपर्यंत मात्र फायबर अजून पोहोचलेली नाही. ती रस्त्याच्या कडेकडेने येते आणि आमच्या साकवाच्या अलीकडेच थांबते. त्यामुळे आमच्याकडे छपरावरच्या अँटेनातून नेट येते, आणि ते महिन्याला ३०० जीबी एवढेच येते.

पॅक विकायला आलेला मुलगा ‘काका, शंभरचा स्पीड आहे’ हे इतक्या अभिमानाने सांगत होता की तो स्पीड त्याने स्वतः खपून तयार केला असावा असे वाटले. मी आयुष्यभर सहकारी बँकेत खतावण्या जुळवल्या असल्यामुळे तो गेल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे १०० एमबीपीएसच्या, अर्थात सेकंदाला १०० मेगाबिटांच्या वेगाने सेकंदाला साडेबारा एमबी येणार, आणि त्या हिशेबाने ३०० जीबी ६ तास ४० मिनिटांत संपणार. थोडक्यात, सकाळचा चहा झाल्यावर कोणी मन लावून नेट वापरायला बसलेच, तर दुपारची वामकुक्षी आटोपेपर्यंत महिना संपलेला असेल. संपला म्हणजे बंद पडतो असे नाही. स्पीड १ एमबीपीएसवर येतो, एवढेच. आता ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला केंद्र सरकारच्या व्याख्येप्रमाणे २००४ साली २५६ केबीपीएस पुरत होते, २०१३ साली ते ५१२ झाले आणि २०२३ पासून किमान २ एमबीपीएस लागतात. म्हणजे पॅक संपला की आमच्या घरात सरकारदरबारी ब्रॉडबँड उरत नाही, बिल मात्र ब्रॉडबँडचेच राहते.

तेव्हा दिवसाला १० जीबी असा ताळेबंद मी जाहीर केला. घरात त्याला कोणीही विरोध केला नाही, कारण प्रत्येकाची खात्री होती की डेटा खातो तो दुसराच कोणीतरी. ‘मी तर फक्त व्हॉट्सॲप बघते’, ‘मी फक्त ऑफिसचं काम करतो’, ‘मी फक्त अभ्यासाचे व्हिडिओ बघते’ अशा तीन साक्षी झाल्यावर राउटरच्या पानावर कोणत्या यंत्राने किती डेटा घेतला ते पाहिले, तर पहिल्या क्रमांकावर आईचा टॅब होता.

आई रात्री यूट्यूबवर कीर्तन लावते. डोळे मिटून ऐकते, पूर्वरंगातच झोपते, आणि मग उत्तररंग संपल्यावर यूट्यूब आपल्या मनाने पुढचे कीर्तन लावते, त्यानंतर आणखी पुढचे. फुल एचडीमध्ये तासाला दीड-दोन जीबी सहज जातात. पहाटेपर्यंत आमच्या घरात बुवांवर बुवा उभे राहून झोपलेल्या श्रोत्यांपुढे निरूपण करत होते. मी ऑटोप्ले बंद केला आणि चित्राचा दर्जा १४४पीवर आणून ठेवला. आवाजाला काही झाले नाही. परंतु दुसऱ्या दिवशी आईने नेमके डोळे उघडून पाहिले आणि मला हाक मारली. ‘अरे, बुवांचं तोंड असं ओल्या फडक्याने पुसल्यासारखं का दिसतंय? बरे आहेत ना ते?’ बुवा बरे आहेत, आपला पॅक बरा नाही, हे तिला समजावता समजावता माझा त्या रात्रीचा हरिपाठ राहिला.

टीव्हीची गोष्ट अधिक नाजूक होती, कारण रिमोट सौभाग्यवतींच्या ताब्यात असतो. नेटफ्लिक्सवर चांगल्या दर्जाच्या चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत आणि फोरकेला ७ जीबीपर्यंत लागतात. तेच मध्यम सेटिंग केले तर पाऊण जीबीच्या आतच भागते. मी मध्यम केले. तिने एक भाग पाहिला आणि ‘अहो, खुनी कोण ते कळलं, पण त्याला मिशा होत्या का नाही ते कळलं नाही’ एवढाच शेरा दिला. मला हा सौदा वाजवी वाटतो. मुलाला मात्र हात लावण्याची सोय नव्हती. त्याच्या व्हिडिओ मीटिंगा चालतात, त्यात जवळपास सगळे गप्प असतात आणि सगळ्यांचे चेहरे सुरू असतात. ‘चेहरा बंद ठेव, आवाज ठेव’ असे मी सुचवले, तेव्हा ‘बाबा, मग मी आहे हे त्यांना कळणार कसं?’ असे तो म्हणाला. तो आहे हे त्यांना तसेही कितपत कळत असेल याबद्दल मला शंका आहे, पण त्याच्या पगारातूनच रिचार्ज होत असल्यामुळे मी ती बोलून दाखवली नाही.

एका महिन्यात मात्र पंधरा तारखेच्या आतच सगळे आटोपले. पुण्याच्या धाकट्या भावाने आईवर लक्ष राहावे म्हणून पडवीत कॅमेरा बसवून दिला होता, आणि तो पडवीचे चित्र अहोरात्र क्लाउडवर पाठवत होता. वेग फक्त १ एमबीपीएस. पण अखंड चालले की दिवसाला १०.८ जीबी होतात, म्हणजे संपूर्ण घरादाराच्या वाट्यापेक्षा जास्त. एवढा खर्चून आम्ही काय साठवत होतो, तर रिकामा झोपाळा आणि त्याखाली झोपलेला शेजाऱ्यांचा कुत्रा. मग ‘हालचाल झाली तरच चित्रण’ असे सेटिंग केले, परंतु पडवीसमोर माड आहे आणि वाऱ्यावर झावळी हलली की कॅमेऱ्याला चोर आल्याचा साक्षात्कार होतो. शेवटी चित्रण आतल्या मेमरी कार्डावरच ठेवायचे ठरले. भावाने विचारले, ‘दादा, आई दिसत नाहीये.’ मी म्हटले, ‘मग तिला फोन कर.’ आता तो करतो, आणि त्याला माझा एक केबीही लागत नाही.

सर्वांत अवघड परीक्षा मे महिन्यात असते. डोंबिवलीचा मेहुणा सहकुटुंब येतो, चपला काढता काढता ‘भाऊजी, पासवर्ड?’ म्हणतो, आणि आल्यागेल्याला पासवर्ड न देणे हे पाणी न विचारण्यासारखेच असल्यामुळे तो द्यावा लागतो. प्रवासभर मोबाइल डेटावर उपाशी ठेवलेले त्यांचे चार फोन त्या क्षणी एकदम जेवायला बसतात. गणपतीपुळ्याच्या लाटा त्याने फोरकेमध्ये टिपलेल्या असतात, आणि अशा चित्रणाच्या एकेका मिनिटाला पावणेदोनशे ते चारशे एमबी लागतात. चढवलेला डेटाही पॅकमधूनच जातो हे त्याला माहीत नसते. यंदा मी प्रत्येकाचा फोन प्रेमाने मागून घेतला आणि वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन अँड्रॉइडवर हे नेटवर्क ‘मीटर्ड’ आहे असे नोंदवले, आयफोनवर ‘लो डेटा मोड’ सुरू केला. हा पर्याय दोन्हीकडे असतो, फक्त कोणी तिथपर्यंत जात नाही. फोनांना हे वायफाय फुकट नाही असे एकदा कळले की ते आपोआप हात आखडता घेतात. माणसांसाठी असे सेटिंग निघाल्याचे अद्याप माझ्या ऐकिवात नाही.

इतके करून मागच्या महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी चक्क ४० जीबी शिल्लक राहिले. मी विजयी मुद्रेने घरात ते सांगितले, तेव्हा मुलीने पॅकच्या अटी वाचून दाखवल्या: उरलेला डेटा पुढच्या महिन्यात धरला जात नाही, रात्री बारा वाजता तो बुडतो. बँकेच्या माणसाला हे सहन होणे शक्य नव्हते. मी मुलाला हवा तो गेम उतरवायला सांगितला, टीव्ही फोरकेवर नेला, सगळ्या फोनांना साचलेले अपडेट घेण्याची मुभा दिली आणि स्वतः जाऊन आईच्या टॅबवर कीर्तन १०८०पीमध्ये लावून दिले. आईने थोडा वेळ निरखून पाहिले.

‘आता बुवांचा घामसुद्धा दिसतो,’ ती म्हणाली. ‘नको रे, ते कालचंच लाव.’