सामुराईचं चिलखत म्हणे बांबूचं!

ते फॉरवर्ड परत फिरतंय. जपानमधे लोखंडच नव्हतं म्हणून सामुराई बांबूची चिलखतं घालायचे, बंदुका आल्यावर ती कुचकामी झाली, आणि तो मिशीवाला मुखवटा नुसता घाबरवायला. तिन्ही गोष्टी गंडल्यात.

बांबूचा घोळ बहुतेक केंदोमुळे, म्हणजे जपानी तलवारबाजीच्या खेळामुळे झालाय. केंदो खेळताना छातीला जे बांधतात ते पूर्वापार बांबूच्या पट्ट्यांचं, पण ते सरावाचं सामान हो! लढाईतल्या जुन्या चिलखतात लोखंडाच्या नाहीतर कच्च्या कातड्याच्या छोट्या छोट्या पट्ट्या असायच्या, त्यांना कोझाने म्हणतात, एका चिलखताला हजाराच्या वर लागायच्या, प्रत्येकीला भोकं पाडायची, वादीने ओवून आडवी ओळ करायची, तिच्यावर उरुशी नावाच्या रोगणाचे थरावर थर चढवायचे आणि मग त्या ओळी रेशमी गोफांनी एकाखाली एक टांगायच्या. महत्त्वाच्या जागी लोखंड जास्त, बाकी कातडं, नाहीतर वजन झेपणार कसं, तरी ओ-योरोई हे घोडेस्वाराचं जुनं चिलखत 25-30 किलोच्या घरात जायचंच. उरुशी म्हणजे झाडाचा चीक (आपली लाख किड्यांची, ही वेगळी), गंमत म्हणजे ती दमट हवेतच नीट घट्ट होते. लोखंड गंजू नये, कातड्यात पाणी मुरू नये म्हणून ती लावायची. एकदा तो काळा चकचकीत थर चढला की आत काय आहे ते फोटोत कुणाला कळणार?

आणि लोखंड नव्हतं म्हणे! कटानाचे व्हिडिओ पण हीच मंडळी पाठवतात, मग त्या तलवारी कशाच्या? लोहवाळू भट्टीत वितळवून लोखंड काढायचे तिकडे, त्या भट्टीला तातारा म्हणतात.

1543 मधे तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांबरोबर बंदूक आली. त्यानंतर चिलखत संपलं नाही, बदललं. छातीला बारक्या पट्ट्यांऐवजी मोठे लोखंडी पत्रे आले, काहींनी तर युरोपियन छातीपत्रेच आपल्या मापाचे करून घेतले. काही चिलखतांवर मुद्दाम गोळी झाडून बघायचे आणि तो पोचा तसाच ठेवायचे, गिऱ्हाईकाला दाखवायला. आता जवळून मारलेली गोळी प्रत्येक चिलखत अडवायचं असं मीही म्हणत नाही.

राहिला मुखवटा. तो भीतीदायक दिसतो, मान्य. पण हनुवटीपाशी बघा, शिरस्त्राणाची दोरी सरकू नये म्हणून छोट्या खुंट्या असतात, आणि खाली एक बारीक भोक, घाम निथळायला.