‘अगं बाळ’ म्हणणाऱ्या वाचकास

‘एक जुना वाचक’ या नावाने लिहिणाऱ्या महोदयांस,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला घेतलं होतं, ते खोडलं. काल पुन्हा लिहिलं, तेही खोडलं. हे तिसरं आहे. तेव्हा रागाच्या भरात लिहिलंय असं निदान म्हणू नका.

इतरांसाठी थोडक्यात सांगते. या सत्रात एका पेपरला आम्हाला बेघरपणावरचं वाचन होतं आणि दुसऱ्याला डिस्टोपियन कादंबऱ्या, म्हणजे भयाण, दडपशाहीच्या समाजाचं कल्पित चित्र रंगवणाऱ्या. दोन्हींचे गठ्ठे एकाच आठवड्यात उशाशी आले. वाचता वाचता मला वाटायला लागलं की ही दोन कपाटं उगाच वेगळी ठेवलीत, आणि तसं मी मागच्या टिपणात लिहिलं. त्यावर या गृहस्थांचं म्हणणं असं: एक साल चुकलंय. ‘यूटोपिया म्हणजे नसलेली जागा, आणि बेघरालाही जागा नसते’ हा नुसता शब्दखेळ आहे. दोन हजार शब्दांत एकही बेघर माणूस स्वतः बोलत नाही. आणि शेवटी, जसंच्या तसं देते: “अगं बाळ, असल्या कादंबऱ्या वाचणं ही डोक्यावर छप्पर असलेल्यांची चैन आहे. अजून वय आहे तुझं, कळेल हळूहळू.”

सालाचं आधी मिटवून टाकते. जॅक लंडनची कादंबरी ‘द आयर्न हील’ 1908 ची आहे, मी 1907 लिहिलं होतं. चूक माझी. दुरुस्त केली आहे, आणि चूक कोणी दाखवली तेही तिथेच नमूद केलंय. शब्दखेळाचंही चला, मान्य. ती ओळ लिहिताना मला स्वतःवर जरा जास्तच खूश व्हायला झालं होतं.

आता ‘बाळ’. आपली ओळख नाही. तुम्ही नाव दिलेलं नाही, फोटोच्या जागी एक झाड आहे. मी तेवीस वर्षांची आहे, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि आईसुद्धा मला आता बाळ म्हणत नाही. हे वयाचं काय प्रकरण आहे ते बघावं म्हणून तुमच्या इतर प्रतिक्रिया मी शोधून वाचल्या. हो, वाचल्या, वेळ होता. एका ज्येष्ठ लेखकांच्या लेखाखाली तुम्ही ‘आदरणीय सर, आपण फारच मोलाचं लिहिलंत’ असं म्हटलंय. त्या लेखात तीन सालं चुकलेली आहेत. तिथे तुम्हाला एकही दिसलं नाही. माझं एक दिसलं, आणि पाठोपाठ माझं वयही दिसलं.

असो. ‘चैन’ या शब्दाकडे येते, कारण दोन दिवस तोच डोक्यात घोळतोय.

अमेरिकन लेखक जॅक लंडन 1902 च्या उन्हाळ्यात जुनेपाने कपडे घालून लंडनच्या ईस्ट एंडमध्ये जाऊन राहिला. त्यातून पुढच्या वर्षी ‘द पीपल ऑफ द अबिस’ हे पुस्तक आलं. त्यात रात्रभर चालणारी माणसं आहेत. रात्री उघड्यावर झोपायला कायद्याने मनाई. कुठे पायरीवर टेकून डोळा लागला की पोलीस हलवून उठवणार, चल पुढे. पहाटे बागेचं फाटक उघडलं की ही माणसं आत शिरतात आणि दिसेल त्या बाकावर, गवतावर आडवी होतात. मग दिवसा फिरायला आलेल्यांना दिसतात ते उन्हात लोळत पडलेले आळशी लोक. जॅक लंडन तिथे थेट वाचकाकडे वळतो आणि सांगतो की यांना आळशी समजू नका, यांना रात्रभर चालवलंय. ज्यांच्या डोक्यावर छप्पर आहे अशाच वाचकांशी तो बोलतोय, आणि त्यांनी वाचू नये असं काही त्याला वाटत नाही. पुस्तकानंतर पाच वर्षांनी याच माणसाची ‘द आयर्न हील’ आली. मूठभर धनदांडग्यांच्या टाचेखाली चिरडलेल्या अमेरिकेची ही कादंबरी. तिच्यातल्या एका प्रकरणाचं नाव काय, तर ‘द पीपल ऑफ द अबिस’. नाव बदलायचीसुद्धा तसदी त्याने घेतली नाही.

इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलचंही तसंच. ‘डाउन अँड आउट इन पॅरिस अँड लंडन’ 1933 चं, आणि प्रत्येकावर नजर ठेवणाऱ्या सत्तेची कादंबरी ‘1984’ 1949 ची. पहिल्या पुस्तकात ‘स्पाइक’ येतात. स्पाइक म्हणजे भटक्यांना रात्रीपुरतं आत घेऊन कुलूप लावणारे सरकारी निवारे. आत तंबाखूला बंदी, म्हणून ती मोज्यात लपवायची. एका स्पाइकमध्ये महिन्यातून एकदाच जाता येतं, पुन्हा सापडलात तर आठवडाभर डांबणार. म्हणून माणूस सकाळी उठून पुढच्या गावच्या स्पाइककडे चालायला लागतो, तिथून त्याच्या पुढच्या. बघणारे म्हणतात, यांच्या रक्तातच भटकेपणा. ऑर्वेल म्हणतो, रक्तात काही नाही, कायदाच तसा आहे. झोपायचं कुठे, किती वेळ, खिशात काय ठेवायचं, हे वरून ठरवणारी ‘1984’ मधली व्यवस्था या माणसाने हवेतून काढली असं तुम्हाला वाटतं का? सोळा वर्षं आधी त्याने ती मोज्यातल्या तंबाखूसकट लिहून ठेवली होती.

आणि अमेरिकन लेखिका ऑक्टेव्हिया बटलरची ‘पॅरबल ऑफ द सोअर’. 1993 ची कादंबरी, सुरू होते 20 जुलै 2024 ला. भिंतीच्या आत घरं असलेले, भिंतीबाहेर रस्त्यावर झोपणारे. पुढे आतली नायिकाच बाहेर पडते, महामार्गावरून चालणाऱ्या लोंढ्यात. आता खरं 2024 घ्या. 28 जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑरेगॉन राज्यातल्या ग्रँट्स पास या शहराच्या बाजूने 6 विरुद्ध 3 असा निकाल दिला: सार्वजनिक जागेत मुक्काम करून झोपणाऱ्याला दंड करणं ही राज्यघटनेने मना केलेली ‘क्रूर शिक्षा’ ठरत नाही. त्या शहराच्या तेव्हाच्या नियमांत मुक्कामाच्या सामानात पांघरूणही मोजलं जायचं. कादंबरीच्या पहिल्या तारखेला तेव्हा तीन आठवडे बाकी होते. मी ही तारीख टिपणात दिली होती. तुम्ही तिथपर्यंत वाचलंत का, अशी मला प्रामाणिक शंका आहे.

आता मला जे सांगायचं नव्हतं ते सांगते, कारण तुम्ही माझ्या छपराची चौकशी केली आहे.

मी नववीत असताना आम्हाला भाड्याचं घर सोडावं लागलं. कारण सांगत नाही, ते माझ्या वडिलांचं आहे. पुढचे सात महिने आम्ही चौघं एका नातेवाइकांच्या हॉलमध्ये होतो. माणसं वाईट नव्हती. पण हॉल त्यांचा होता. त्यांचा टीव्ही बंद होईपर्यंत आमच्या गाद्या घालता यायच्या नाहीत आणि सकाळी सहाच्या आत त्या गुंडाळून कॉटखाली गेलेल्या असायच्या. झोप आली म्हणून कोणी झोपत नव्हतं. मी सोफ्याच्या हातावर डोकं टेकवून डोळे उघडे ठेवायला शिकले. त्या वर्षी शाळेचा एक फॉर्म आला. त्यात ‘सध्याचा पत्ता’ आणि ‘कायमचा पत्ता’ असे दोन रकाने होते. आईने पहिला पेनाने भरला. दुसऱ्याशी बराच वेळ बसली, मग पेन्सिल मागितली.

ग्रंथालयाला पत्त्याचा पुरावा लागायचा, म्हणून मैत्रिणीच्या कार्डावर ‘1984’ आणली. त्यातला हुकूमशहा बिग ब्रदर वगैरे मला ओ का ठो कळलं नाही. कळला तो कोपरा. नायक विन्स्टनच्या खोलीत भिंतीत एक खाच असते, तिथे बसलं की टेलिस्क्रीनला, म्हणजे घरातल्या पाळत ठेवणाऱ्या पडद्याला, माणूस दिसत नाही, आणि तो तिथे बसून वही उघडतो. ती पानं मी कितीदा वाचली असतील. त्या हॉलमध्ये कपाट आणि भिंत यांच्यामध्ये बेताची जागा होती. मी दप्तर पुढे ठेवून तिथे बसायचे.

ही चैन होती, महोदय? बरं, असेल.

तुम्ही म्हणाल, नातेवाइकांचा हॉल म्हणजे छप्परच की. तो पदपथ नव्हता. माहीत आहे मला. तसा दावा मी केलेला नाही आणि आताही करत नाही. पण वाचणाऱ्यांची ‘छप्पर असलेले’ आणि ‘नसलेले’ अशी सरळ वाटणी तुम्ही केलीत. त्यातल्या कुठल्या रकान्यात मला घालायचं ते तुम्हीच सांगा. पेन्सिलने भरलं तरी चालेल.

राहिला तो बेघर माणूस बोलत नाही हा मुद्दा. ते टिपण वाचनाबद्दल होतं, मी कुणाच्या मुलाखती घ्यायला गेले नव्हते. ‘आयर्न हील’मधल्या त्या प्रकरणात ही माणसं नुसती गुरगुरणारी झुंड म्हणून येतात, एकालाही चेहरा नाही, असं तुम्ही कंसात लिहिलंय. ते खरं आहे. पण तो वेगळा विषय आहे, त्यावर कधीतरी सवडीने. एकाच टिपणात सगळं कसं येणार?

प्रतिक्रियांची सोय मी बंद करत नाहीये, तुमचीही उडवलेली नाही. पुन्हा लिहिणार असाल तर ‘अहो’ म्हणा. ‘अगं’ही चालेल, पण मग त्या झाडामागून आधी नाव सांगा.