‘बुरशी ती बुरशीच!’ या प्रतिक्रियेला थोडं सविस्तर उत्तर

गवताच्या आत राहणारी बुरशी त्याला तगायला मदत करते, असं मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया झोंबली, पण कामाची आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बुरशी झाडाला खाते हे शेंबडं पोरही सांगेल, आणि मी तिला गवताची मैत्रीण करून टाकलं. बुरशी असलेलं गवत तगतं म्हणजे ते बुरशीमुळेच तगतं, हे कशावरून? आणि ती एवढी गुणाची, तर मग प्रत्येक रोपात का नसते?

‘मैत्रीण’ हा शब्द मागे घेतो. हा रोखठोक व्यवहार आहे. शिवाय तुमच्या नजरेतून सुटलेली एक चूक मीच कबूल करतो: मी मुळांतली आणि पानांतली बुरशी एकाच दावणीला बांधली होती. मुळांतली मायकोरायझा मातीत तंतू पसरून स्फुरद (फॉस्फरस) आणते आणि बदल्यात साखर घेते. जमिनीत स्फुरद मुबलक असेल तर गवत तिला फारसं थारा देत नाही. फुकट कोण पोसणार? एपिक्लोई ही बुरशी मात्र खोडापानांत, पेशींच्या मधल्या फटींत राहते.

आता ‘कशावरून’. अमेरिकेतल्या यलोस्टोन या गरम झऱ्यांच्या राष्ट्रीय उद्यानात, तापलेल्या जमिनीत डायकँथेलियम नावाचं गवत उगवतं. त्यात कर्व्ह्युलेरिया ही बुरशी असते. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बुरशीविना वाढवलेली रोपं 50 अंश सेल्सियस तापलेल्या मातीत कोमेजली, बुरशीवाली तगली. गंमत पुढे आहे. 2007 मध्ये कळलं की त्या बुरशीच्या आत एक विषाणू असतो. तो काढून टाकला की बुरशी असूनही गवत उष्णतेपुढे हात टेकतं. परत घातला की पुन्हा तग धरतं. काढलं तर गेलं, घातलं तर आलं. याला योगायोग कसं म्हणायचं?

बुरशी निरुपद्रवी आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. टॉल फेस्क्यू या चाऱ्याच्या गवतात एपिक्लोई विषारी अल्कलॉइड तयार करते आणि ते खाऊन गुरं आजारी पडतात. कारण सापडल्यावर बुरशीमुक्त बियाणं आलं. गुरं सुधारली, पण दुष्काळ आणि चराई यांपुढे बऱ्याच ठिकाणी कुरणंच विरळ झाली. शेवटी गुरांना न बाधणारे एपिक्लोईचे वाण शोधून तेच गवतात घालावे लागले. तुमच्या आणि माझ्या दोघांच्याही बाजूचा हा पुरावा आहे, त्यामुळे यावर भांडण नको.

राहिला ‘प्रत्येक रोपात का नाही’ हा प्रश्न. फेस्क्यूतली एपिक्लोई हवेतून किंवा मातीतून दुसऱ्या रोपात शिरत नाही. आईच्या बियांतूनच लेकीकडे जाते. बी उबदार, दमट जागी साठवलं तर आतली बुरशी बियाच्या आधी मरते. अशा बियाचं रोप उगवतं, हिरवंगार दिसतं, पण आतलं बिऱ्हाड रिकामं असतं.