कुपनं सांभाळा, सूट विसरा

बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात सुपरमार्केटची कुपनं तारखेनुसार लावायची, पिशवीबरोबर आठवणीने न्यायची आणि काउंटरवर ऐकायचं काय? ‘मॅडम, हे तेल-साखरेवर चालत नाही.’ अहो, मग वाणसामानात उरतं काय? 50 रुपये सुटावेत म्हणून 1000 चं बिल करा, तेही सोमवार ते गुरुवारच. नोकरी करणाऱ्यांनी जायचं कधी? अटी इतक्या बारीक छापलेल्या की सासूबाई भिंग मागतात. बरं, ही ‘भरघोस सूट’ एमआरपीवर! कोपऱ्यावरचा वाणी तसाही एमआरपीपेक्षा दोन रुपये कमीच लावतो, वर उधारी लिहून घेतो. यांना मात्र आधी मोबाइल नंबर हवा. आता म्हणे कागदी कुपन बंद, अ‍ॅपमध्ये दाखवा. दुकान तळघरात, रेंज शून्य. दाखवू काय, कपाळ?